एकशे आठ रामायणं आणि एक राजपुत्र

बारामतीकडच्या माणसाला मोरोपंत कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळेत आर्या पाठ केलेल्या असतात, अर्थ कळो न कळो. पण पंतांनी एकच गोष्ट किती वेळा सांगितली हा आकडा ऐकला की अजूनही माणूस थबकतो. रामायण, आणि तेही एकशे आठ वेळा! त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लावून उच्चारावं लागेल असं अक्षरच त्यात नाही, म्हणजे प-फ-ब-भ-म सगळे वर्ज्य. (रामाची गोष्ट, आणि त्यात 'म' नाही. एखादं वाक्य करून बघा म्हणजे कळेल.) एकात 'परंतु' या शब्दाची अक्षरं गुंफलेली, एकात रामाचा मंत्र गुंफलेला. गोष्ट तीच. राम वनवासात जातोच, सीतेला रावण नेतोच. तरी पंतांना आणि ऐकणाऱ्यांना कंटाळा नाही.

पंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, बारामतीत पेशव्यांचे आप्त आणि सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाला आले आणि १७९४ साली बारामतीतच गेले. पोटापाण्याची सोय नाईकांकडून होती. कुठलं अक्षर ठेवा आणि कुठलं गाळा हे सांगायला नाईक रोज येऊन बसत असतील असं काही मला वाटत नाही.

हे सगळं आठवायचं कारण मात्र वाचून घरातली वडील मंडळी कपाळाला हात लावणार आहेत. कारण आहे व्हिडिओ गेम. घरातल्या पोरांशी आणि काही ब्लॉगर मित्रांशी गेली कित्येक वर्षं माझा एक वाद चालू आहे, तो एकदाचा नीट लिहून काढावा म्हणून हा प्रपंच. वादाचा विषय: जुने, गाजलेले साहसी गेम लोकांकडून वर्गणी गोळा करून नव्याने करावेत का, आणि केले तर 'नव्याने' म्हणजे किती नवं?

ज्यांना या जगातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. बारामतीत निघाले, इंदापुरात निघाले. चपला बाहेर काढायच्या, एसी असलेल्या खोलीत जायचं, फ्लॉपी घालायची आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. शिकायला यायचं ते वर्डस्टार नाहीतर बेसिक, पण सर बाहेर गेले की सगळ्यांच्या पडद्यावर एकच माणूस धावायला लागायचा: पांढरे कपडे घातलेला, कठड्याला लोंबकळणारा, खाली खिळ्यांवर पडून मरणारा राजपुत्र. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. साठ मिनिटांत बारा पातळ्या पार करून राजकन्येला सोडवायचं. 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप केलं की सवलती मिळतात, हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नव्हतं पण तालुक्यात सगळ्यांना होतं.

हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या एका तरुणाने जवळजवळ एकट्याने केला आणि तो १९८९ साली बाजारात आला. राजपुत्राची चाल इतकी खरी वाटायची त्याचं कारण असं की मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतलं होतं. म्हणजे आपण बारामतीत जो राजपुत्र पळवत होतो तो खरं तर अमेरिकेतला एक शाळकरी पोरगा होता.

त्याच सुमारास परदेशात दुसऱ्या प्रकारचे साहसी गेमही जोरात होते. त्यात उड्या कमी आणि डोकं जास्त. चित्रातल्या वस्तू गोळा करायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कोडी सोडवायची, गोष्ट पुढे न्यायची. 'किंग्ज क्वेस्ट' (१९८४), 'मंकी आयलंड' (१९९०), 'मिस्ट' (१९९३) ही त्यातली मोठी नावं. दोन हजार सालापर्यंत ही लाट ओसरली. बंदुकीच्या गेमना जास्त गिऱ्हाईक होतं, तेव्हा कंपन्यांनी या गेमवर पैसे लावणं बंद केलं. खेळणारे मात्र मोठे झाले, नोकऱ्यांना लागले आणि हळहळत राहिले.

हळहळणाऱ्यांनी पहिल्यांदा जे केलं त्याला आपल्याकडे श्रमदान म्हणतात. २००१ साली काही चाहत्यांनी 'किंग्ज क्वेस्ट'चा पहिला भाग नव्या चित्रांसकट, नव्या आवाजांसकट पुन्हा केला आणि फुकट वाटला. मालकी हक्क दुसऱ्याचे, त्यामुळे पैसे मागायची सोयच नव्हती. हौसेचा मामला!

श्रमदानानंतर आली वर्गणी. 'किकस्टार्टर' ही लोकांकडून पैसे गोळा करून देणारी साइट २००९ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर या जुन्या गेमकाराने तिथे सांगितलं की मला जुन्या पद्धतीचा एक साहसी गेम करायचाय, चार लाख डॉलर पाहिजेत. लोकांनी तेहतीस लाखांवर दिले! सत्त्याऐंशी हजारांहून जास्त माणसांनी पावत्या फाडल्या. मग रांगच लागली. 'मिस्ट'च्या पंचवीस वर्षांनिमित्त २०१८ मध्ये अडीच लाखांच्या आत मागितले होते, मिळाले अठ्ठावीस लाखांच्या आसपास. 'सिस्टम शॉक' या १९९४ च्या गेमचा रिमेक करायला २०१६ मध्ये नऊ लाख मागितले, साडेतेरा लाख जमले.

आता आपल्या भागातल्या माणसाला पुढे काय झालं असेल हे न सांगता कळेल. गावच्या यात्रेची पट्टी ज्याने भरली त्याला मत असतंच. पाचशे देणाऱ्यालाही असतं, पन्नास देणाऱ्याला जरा जास्तच असतं. तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, मांडव कुणाचा, कुस्त्यांची इनामं किती, पारावर रात्र रात्र खल होतो. या गेमच्या वर्गणीचं हुबेहूब तेच झालं.

वाद घालणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन तट आहेत. पहिल्यांचं म्हणणं, एक रेघ हलवू नका, फक्त आजच्या मशीनवर चालेल असं करा. दुसऱ्यांचं म्हणणं, गोष्ट आणि कोडी तीच ठेवा, चित्रं आणि आवाज नवे करा. तिसऱ्यांचं म्हणणं, जुन्याचा आत्मा घ्या आणि बाकी सगळं मोकळेपणाने बदला. गंमत अशी की तिघेही स्वतःला मूळ गेमचे खरे भक्त म्हणवतात. आणि तिघांनीही पैसे दिलेले असतात.

'सिस्टम शॉक'ची कथा या वादाचं चांगलं उदाहरण आहे. पैसे मिळाले, उत्साह वाढला, तशी करणाऱ्यांची झेप पहिल्या तटावरून तिसऱ्या तटावर गेली. हेही घालू, तेही घालू. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनीच काम थांबवलं आणि मूळ कल्पनेपासून आपण फार लांब आलो असं कबूल केलं. मग परत फिरले आणि मे २०२३ मध्ये, सात वर्षांनी, गेम आला. चांगला झाला. सात वर्षं ओरडणाऱ्यांनीही चांगला म्हटलं. शेफरचा गेमही एवढ्या पैशांत पुरला नाही, २०१४ आणि २०१५ असा दोन तुकड्यांत आला.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला तोडगा वर्गणीतून आलेला नाही. २००९ मध्ये 'मंकी आयलंड'ची नवी आवृत्ती आली, तिच्यात एक सोय होती. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की नवी रंगीत चित्रं जाऊन त्याच जागी १९९० ची ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं यायची. पुन्हा दाबलं की नवी. भांडणच मिटलं! (अर्थात कायमचं नाही. २०२२ मध्ये मूळ लेखक रॉन गिल्बर्टने त्याच मालिकेचा नवा भाग जाहीर केला, तेव्हा चित्रांची शैली पसंत न पडलेल्यांनी त्याला इतकं घालूनपाडून बोलून घेतलं की त्याने आपल्या ब्लॉगवर त्या गेमबद्दल लिहिणंच बंद केलं. ज्याने मूळ गेम जन्माला घातला त्यालाच 'तुला मूळ गेम कळला नाही' हे ऐकावं लागलं.)

इथपर्यंत हे सगळं सातासमुद्रापारचं वाटतं. पण या गोष्टीचे दोन मोठे अध्याय आपल्या पुण्यात घडलेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून बघावेत एवढ्यासाठीच हा लेख.

पहिला अध्याय २०१७ चा. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा साहसी गेम करायला घेतला. एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ असुरांनी पळवलेला, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, चित्रांवर पहाडी शैलीचा संस्कार. कुणाचा रिमेक नाही, कुणाचा पुढचा भाग नाही. त्यांनी किकस्टार्टरवर एक लाख वीस हजार डॉलर मागितले. तिथला नियम असा की ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हातात येतात, नाहीतर देणाऱ्याचे देणाऱ्याकडे. रक्कम जमली नाही. हातात शून्य. पुढे या मंडळींनी घरचं घालून, अमेरिकेतल्या 'एपिक' कंपनीचं अनुदान मिळवून, प्रकाशक शोधून गेम पुरा केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत पोचला.

दुसरा अध्याय त्याच वर्षीचा, म्हणजे २०२०. आपला राजपुत्र मधल्या काळात 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीकडे गेला होता. २००३ साली त्यांनी 'सँड्स ऑफ टाइम' हा भाग काढला. त्यात मेकनर लेखक होता, काळ मागे फिरवणारी कट्यार होती आणि त्या पिढीची पोरं त्यावर फिदा होती. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा रिमेक जाहीर झाला आणि काम दिलं होतं कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना. ज्या राजपुत्राला आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांनी चोरून पळवलं, त्याला आता पुण्यातली माणसं नवं रूप देणार. आमच्याकडे त्या दिवशी दोन पिढ्या फोनवर एकमेकांना झलक पाठवत होत्या.

झलक बघून जगभरच्या चाहत्यांनी धुलाई केली. राजपुत्राचा चेहरा असा काय, चित्रं दहा वर्षं जुनी वाटतात, हे आमचं नव्हेच. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच राहिली नाही. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मूळ गेम जिथे झाला त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे दिलं. त्यांनी २०२६ चा वायदा केला. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने रिमेक रद्द झाल्याचं जाहीर केलं. सव्वापाच वर्षं, तीन शहरं, आणि शेवटी काहीच नाही. चेष्टा करणाऱ्यांनाही नाही, वाट बघणाऱ्यांनाही नाही.

या रिमेकला वर्गणी नव्हती, पैसा कंपनीचा होता हे खरं. पण हक्क सांगणारे तेच होते. आणि दोन्ही अध्याय शेजारी ठेवले की मला जे दिसतं ते असं. लोक वर्गणी देतात ती गेमला देत नाहीत, आठवणीला देतात. शेफरला तेहतीस लाख मिळाले कारण त्याचं नाव वाचून लोकांना आपलं पंधरावं वर्ष आठवलं. 'राजी'ला एक लाख वीस हजार मिळाले नाहीत, कारण तिची आठवण अजून कुणाची नव्हती. आणि आठवणीला पैसे दिले की अडचण अशी होते की ती वस्तू कुणी बनवूनच देऊ शकत नाही. पुणेकरांनी राजपुत्राचा चेहरा कसाही केला असता तरी तो सतराव्या वर्षी, उधारीच्या सीडीवर, परीक्षेच्या आदल्या रात्री बघितलेला चेहरा झाला नसता. मूळ गेम आज लावून बघा, त्यातला चेहराही तुम्हाला आठवतो तसा नाहीये!

नव्या गोष्टीचं नशीब इतकंच असतं का? २०२४ मध्ये याच मालिकेत 'द लॉस्ट क्राउन' हा संपूर्ण नवा गेम आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, करणारा चमू विखुरला गेला. म्हणजे जुनं जसंच्या तसं हवं म्हणून ओरडणारे भरपूर, आणि नवं चांगलं झालं तर विकत घेणारे मोजके.

इथे माझ्या भाच्याचा आक्षेप नोंदवायलाच हवा, नाहीतर तो रुसेल. तो म्हणतो, मामा, तुम्ही स्वतः एकशे आठ रामायणांचं कौतुक करता आणि आम्ही एक रिमेक मागितला की आम्ही गतकाळात रमणारे? मुद्दा बिनतोड आहे. पण फरक इथेच आहे. पंतांनी एकशे आठ वेळा सांगितली तेव्हा 'मूळ'सारखी एकही नव्हती, आणि मूळ पुसायचा तर प्रश्नच नव्हता. वाल्मीकी जागच्या जागी होते. ऐकणाऱ्याला गोष्ट माहीत होती म्हणूनच यात नवं काय केलं हे ऐकण्यात मजा होती. आमचे चाहते बरोबर उलट मागतात. गोष्ट माहीत आहे, म्हणून काहीही नवं करू नका. (वाद तेव्हाही झालेच म्हणा. पंत खरे कवी की नुसते शब्दांचे कारागीर, यावर एकोणिसाव्या शतकात इतकं बोललं गेलं की विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'निबंधमाले'त त्यांच्या कवितेवर मोठा निबंध लिहून बाजू घ्यावी लागली. चाहत्यांची भांडणं आपल्याला नवीन नाहीत.)

आणि मूळ जागच्या जागी राहणं, ही गेमच्या बाबतीत गृहीत धरायची गोष्ट नाही. पुस्तक दोनशे वर्षं टिकतं, फ्लॉपीला वीस वर्षांत बुरशी लागते. मूळ 'प्रिन्स'चा प्रोग्रॅम स्वतः मेकनरकडे राहिला नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या डिस्कचं खोकं सापडलं. जुन्या मशीनची खटपट करणाऱ्या हौशी माणसांच्या मदतीने त्याने त्या वाचून घेतल्या आणि सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला करून टाकला. त्यासाठी रिमेक लागला नाही. एक बाप घर आवरत होता म्हणून ते वाचलं.

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. १९८० च्या सुमारास उजनी धरण झालं, भीमेचं पाणी चढलं, गाव वर सरकलं. नव्या गावठाणात देवाला नवं देऊळ मिळालं. जुनं मात्र कुणी पाडलं नाही, ते पाण्यात राहिलं. कडक उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की ते पुन्हा बाहेर येतं, आणि सोलापूर रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघायला जातात. पण रोजची पूजा, लग्नाच्या अक्षता, पोरांची जावळं सगळं नव्या देवळात. नवं देऊळ जुन्यासारखं दिसत नाही अशी तक्रार करत कुणी धरणाच्या काठावर बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जुन्या गेमचं मला असंच व्हावंसं वाटतं. मूळ आहे तसं जपावं, आजच्या मशीनवर चालेल एवढं करावं, आणि त्यासाठी वर्गणी मागितली तर जरूर द्यावी. 'मिस्ट'वाल्यांनी मागितली तशी. पण नव्याला नवं राहू द्यावं, त्याच्याकडे जुन्याचा चेहरा मागू नये.

असो. लांबण बरीच लागली. घरातल्या दोन पोरांना गेम बनवायचं शिक्षण घ्यायचंय आणि वडीलधाऱ्यांची अजून कुरकूर चालू आहे, तेव्हा हे मुद्दाम त्यांच्यासाठीही लिहिलंय. ही पोरं उद्या काहीतरी करतील आणि चार लोकांकडे पैसे मागतील. तेव्हा ते कशासारखं आहे, आधी कुठे पाहिलंय, हे विचारायच्या आधी एक पावती फाडा. बारामतीत पंतांना एक नाईक मिळाले होते. आता एकटा नाईक कुठून आणणार? पाचशे-पाचशे रुपयांचे नाईक आपल्यालाच व्हावं लागेल. फक्त पट्टी दिली म्हणून मांडवात शिरून निरोष्ठ रामायणात 'म' घाला म्हणू नका, एवढंच.